आईचं प्रेशर उतरेना

आमच्या बेकरीत तिला तोंडावर सगळे ताई म्हणायचे आणि पाठीमागे तोफ. हे तिलाही ठाऊक होतं. नाव पडलं ते हसण्यावरून. मिक्सर घरघरत असला, भट्टीचा पंखा चालू असला, तरी ती हसली की पुढे खिडकीवर पाव घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दचकायचं. अंगानेही ती तशीच होती, भरभक्कम. दोन टेबलांमधल्या वाटेने निघाली की स्वतःच ओरडायची, "सरका गं, जहाज बंदराला लागतंय!" दुसऱ्याने हसायच्या आत आपणच हसून मोकळं व्हायचं, ही तिची लहानपणापासूनची रीत.

मी तिच्या शेजारच्या टेबलावर. भिजलेल्या मैद्याचे गोळे तोडून मी वजनकाट्यावर टाकायचे आणि ती ते वळून साच्यात बसवायची. दोन तळव्यांखाली दोन गोळे एकाच वेळी फिरायचे. तोंडाने घरच्या गोष्टी चालू. घरी नवरा आणि एकुलती एक लेक. नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. इतका मितभाषी की "आमच्याकडे दोघांचं मिळून मीच बोलते" असं ती सांगायची. लेक एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. शेलाटी, हळू बोलणारी, कामात चोख. आई तिच्याबद्दल बोलायला लागली की आमचे गोळे मागे पडायचे.

त्या लेकीचा चेहरा सकाळी उठल्यावर सुजायला लागला. आधी वाटलं झोप कमी होते. मग पाय सुजले, जेवण नकोसं झालं, जिना चढताना धाप लागू लागली. मोठ्या रुग्णालयात नेलं तेव्हा कळलं की दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्यात. "इतक्या लहान वयात?" ताईने विचारलं. लहानपणीच कधीतरी सुरुवात झाली असावी, आत्ता लक्षात आलं, एवढंच डॉक्टर सांगू शकले. आठवड्यातून तीनदा मशिनीवर रक्त शुद्ध करून घ्यायचं. सुटायचा मार्ग एकच, दुसऱ्या कुणाची तरी किडनी.

वडिलांनी आधी हात पुढे केला. रक्तगटच जुळला नाही. त्या दिवशी घरी येऊन ते दुरुस्तीला आलेल्या मशिनीपुढे बसले आणि दोरा न ओवताच बराच वेळ पाय मारत राहिले. नंतर आईची तपासणी झाली.

"जुळली गं!" दुसऱ्या दिवशी ताई दारातूनच ओरडत आली. "माझी किडनी तिला जुळली!" माझ्या हातात मैदा होता, तिने तशीच मला मिठी मारली. भट्टीवाल्याने सगळ्यांना चहा पाजला. ती तोफेसारखी हसली, आणि तिचं ते हसू आम्ही ऐकलं ते शेवटचं.

पुढच्या तपासण्यांमध्ये नर्सने तिच्या दंडाला प्रेशर मोजायचा पट्टा बांधला. हवा भरताच तो फट्‌कन सुटला. "बघा, मशिनच घाबरलं," ताई म्हणाली. नर्सने मोठ्या मापाचा पट्टा आणला, पाच मिनिटं शांत बसवलं आणि पुन्हा मोजलं. जास्त आलं. दुसऱ्या दिवशीही जास्तच. मग एक दिवस-रात्र दंडाला यंत्र बांधून घरी पाठवलं. आम्हाला आशा होती की दवाखान्याच्या भीतीने वाढत असेल. पण घरी, पोळ्या लाटताना, झोपेतसुद्धा तिचं प्रेशर चढलेलंच होतं.

किडनीचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं, "तुमची किडनी चांगली आहे. पण इतकं वजन आणि इतकं प्रेशर असताना त्यातली एक काढली, तर उरलेलीवर भार येईल. उद्या तुम्हीही मशिनीवर याल. एकीला वाचवायला दुसरीला धोक्यात घालता येत नाही."

"घाला ना धोक्यात. जीव माझा आहे."

"तुमचा आहे, पण कापणारा हात माझा आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग वजन उतरवते. उतरवलं तर घ्याल?"

"वजन उतरलं, प्रेशर खाली आलं आणि खालीच टिकलं, तर पुन्हा बघू."

तिने एवढंच ऐकलं, पुन्हा बघू. त्या दिवसापासून तिचा जीव त्या दोन शब्दांना टांगला गेला.

उपाशी माणसाला बेकरीत उभं करणं म्हणजे तहानलेल्याला विहिरीच्या काठावर बांधून ठेवणं. सकाळपासून ताज्या पावाचा वास, लोण्याचा, भाजलेल्या साखरेचा. ताई नाकाला ओला रुमाल बांधून काम करू लागली. डब्यात उकडलेल्या बिनमिठाच्या भाज्या. मीठ तिने पूर्ण सोडलं, साखर सोडली, रात्रीचं जेवण सोडलं. कामावरून घरी चालत जायची. आम्ही म्हणायचो, "ताई, हळूहळू घे." ती म्हणायची, "हळूहळू घ्यायला माझ्या लेकीकडे वेळ आहे का?"

वजन उतरलं, अगदी दिसण्याइतकं. एप्रनच्या नाड्या पाठीमागून फिरवून पुढे बांधता येऊ लागल्या. प्रेशरही थोडं खाली आलं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात ती रोज मोजून घ्यायची आणि आल्यावर आकडा माझ्या कानात सांगायची. पण बोलणं आटत चाललं होतं. हात गार पडायचे, केस गळायचे. एके दिवशी भट्टीजवळ तिला भोवळ आली. आम्ही खुर्ची दिली, पाणी दिलं. साखरेचा चमचा पुढे केला तर तिने तोंड फिरवलं.

आणि मग काटा हलेना. तिने आणखी कमी खाल्लं, तरी हलेना. प्रेशर जिथे होतं तिथेच, म्हणजे नको तितकं वर.

त्या सुमारास मी एकदा तिच्या घरी गेले. मायलेकी जेवायला बसल्या होत्या. लेकीला पाणी मोजून प्यायचं असतं. ती एक बर्फाचा खडा गालात धरून बसली होती. आईपुढे काकडीच्या चकत्या. लेक मला म्हणाली, "मावशी, बघ ना, दोघी मिळूनही आमचं एका माणसाचं जेवण होत नाही." मग तिने आपल्या ताटातली अर्धी पोळी आईच्या ताटात ठेवली. "आई, खा. तुझं पोट रिकामं ठेवून माझ्या किडन्या परत येणार नाहीत."

"येतील," ताई म्हणाली. "माझ्यातून येतील." आणि पोळी परत लेकीच्या ताटात गेली.

काही आठवडे असेच गेले. एका दुपारी मी यीस्टचा पुडा आणायला मागच्या कोठीत गेले. मैद्याच्या पोत्यांमागे ताई जमिनीवर बसली होती. मांडीवर परत आलेल्या शिळ्या पावांचा ट्रे. दोन्ही हातांनी ती पाव तोंडात कोंबत होती, चावतही नव्हती. नजर भिंतीवर आणि डोळ्यांतून पाणी.

"ताई, पुरे," मी म्हटलं.

"बघू नकोस."

"अगं, पुरे कर."

"थांबताच येत नाहीये गं मला." तोंडात घास तसाच होता. "हा हात माझा नाहीच."

मी ट्रे ओढून घेतला. तिने सोडला नाही. आम्ही दोघी एका ट्रेसाठी झोंबत होतो, तो आवाज बाहेर जाईल म्हणून मीच शेवटी सोडला आणि तिच्याजवळ बसून राहिले.

त्यानंतर बांध फुटल्यासारखं झालं. भूक तिला झोपू देईना. उतरलेलं वजन, उतरायला जितका वेळ लागला होता त्याच्या निम्म्या वेळात, सगळं परत आलं. वर थोडं आणखी चढलं. प्रेशर त्याच्या मागोमाग. औषधाच्या दुकानात जाणं तिने बंद केलं.

नात्यातल्या लोकांना तेवढंच हवं होतं. तिची मोठी जाऊ लेकीला बघायला आली. चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाली, "आईला जीभ आवरेना आणि पोर मशिनीला टांगलेली. काय बोलायचं!" ताई मान खाली घालून ऐकत राहिली. एरवी तिने जावेला उभं जाळलं असतं. बोलले ते तिचे यजमान. हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, उठा." जाऊ उठली. पण गेलेला शब्द घरातच राहिला.

किडनीच्या डॉक्टरांनीच मग तिला ग्रंथींच्या, म्हणजे हार्मोन्सच्या, डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. यजमान लेकीबरोबर मशिनीच्या खोलीत होते, म्हणून ताईबरोबर मी गेले. बाई साधारण तिच्याच वयाच्या. त्यांनी आधी तिचं सगळं ऐकून घेतलं. ताईने पोत्यांमागची गोष्टसुद्धा सांगितली. मला वाटलं नव्हतं सांगेल.

"मी अधाशी आहे हो," ती म्हणाली. "लेकीपेक्षा मला पाव प्यारा झाला."

"नाही," बाई म्हणाल्या. "चरबी म्हणजे डब्यात भरून ठेवलेलं तेल, असं आपण समजतो. ते तसं नाही. चरबीही कामाला लागलेली असते. ती स्वतः हार्मोन्स तयार करून रक्तात सोडते. त्यातलं एक लेप्टिन. साठा भरला, आता खाणं पुरे, असा निरोप ते मेंदूला देतं. चरबी जास्त तितकं लेप्टिन जास्त. पण वर्षानुवर्षं तोच निरोप येत राहिला की भुकेच्या बाबतीत मेंदू बहिरा होतो."

"आणि प्रेशर?"

"तिथेच तर गोम आहे. भुकेच्या बाबतीत बहिरा झालेला मेंदू दुसऱ्या बाबतीत त्याच लेप्टिनचं ऐकत असावा. मग तो नसांना, किडनीला सारखा ताणून धरतो आणि प्रेशर चढतं. शिवाय रक्तवाहिन्या आवळणारं एक द्रव्य असतं, त्याचा कच्चा मालही थोडा चरबीतून येतो. मीठ धरून ठेवणारं एक हार्मोन असतं, चरबी त्यालाही फूस देत असावी. आणि रक्तवाहिन्यांची काळजी घेणारं एक चांगलं हार्मोनही चरबीतूनच येतं, ते मात्र जाड माणसात कमी पडतं."

"असावी, असावं," ताई म्हणाली. "नक्की काय ते सांगा ना."

बाई म्हणाल्या, "नक्की सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. उंदरांमध्ये जे स्वच्छ दिसतं ते माणसात तितकं स्वच्छ दिसत नाही. काही गोष्टी पक्क्या आहेत, काहींवर अजून वाद आहेत. पण तुम्ही उपास केलात तेव्हा काय झालं, ते मला समजतं. वजनापेक्षा लेप्टिन झपाट्याने खाली येतं. मेंदूला वाटतं दुष्काळ पडला, आणि तो मिळेल ते खायला लावतो. तो तुमचा अधाशीपणा नव्हता."

मला वाटलं, हे ऐकून ताईच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. ती उलट आणखी खचली. बाहेरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "जीभ होती तोवर बरं होतं गं. जिभेला शिव्या तरी देता येत होत्या. आता माझंच अंग माझ्या लेकीच्या आड आलंय, म्हणजे मी भांडू कुणाशी?"

बाईंनी औषधं बदलून दिली. प्रेशरची जी गोळी आधीपासून चालू होती तिच्याबरोबर मीठ धरणाऱ्या हार्मोनला अडवणारी एक नवी गोळी, लघवीवाटे पाणी काढणारी आणखी एक. खाण्याचं नवं वेळापत्रक, ज्यात उपाशी राहायचं नव्हतं. तीन-चारदा बजावून सांगितलं, "याला महिने लागतील. घाई करू नका. गोळ्या जास्त घेतल्या तर त्या किडनीलाच इजा करतात."

महिने लागले असते. पण लेकीच्या हातावर मशिनीसाठी जी शीर तयार केली होती, ती बंद पडली. मानेत नळी घातली. नळीतून जंतू शिरले. ताप, हुडहुडी, अतिदक्षता विभाग. त्यातून ती वाचली, पण बाहेर आली तेव्हा इतकी हलकी झाली होती की वडिलांनी तिला एकट्याने उचलून गाडीत बसवलं. चष्म्याच्या दुकानातून तिच्या जागी दुसरी मुलगी घेतल्याचा निरोप आला.

ताईने किडनीच्या डॉक्टरांचे पाय धरले. खरंच धरले, वाकून. त्यांनी तपासणीची तारीख दिली. म्हणाले, "बघू या, पण आशा लावून घेऊ नका."

त्या दिवशी मी तिच्याबरोबर होते. सकाळी ती फिकट दिसली. ओठ कोरडे. मी पाणी पुढे केलं, नको म्हणाली. वजनाच्या काट्यावर उभी राहताना तिने भिंत धरली. वजन बरंच कमी भरलं. मला नवल वाटलं. मग नर्सने मोठा पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. आकडा बघून तिने पुन्हा हवा भरली. नर्सचा चेहरा बदलला.

"उतरलं ना?" ताई म्हणाली. जीभ जड झाली होती. "उतरलं ना? लिहा. लिहून टाका."

"ताई, तुम्ही आज काय घेतलंय?" नर्सने विचारलं.

"लिहा आधी," ती म्हणाली, उठायला गेली आणि खुर्चीसकट कलंडली.

नंतर कळलं. तिने आदल्या दिवसापासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. सगळ्या गोळ्या, नव्या-जुन्या, सांगितलेल्याच्या कितीतरी पट एकदम गिळल्या होत्या. प्रेशर एकदाच खाली दिसावं, डॉक्टरांनी एकदाच हो म्हणावं, पुढचं पुढे बघता येईल, असा तिचा हिशोब. प्रेशर असं कोसळलं की किडन्यांना रक्तच पुरेना. रक्तातले क्षार हृदय थांबण्याइतके वाढले. त्याच दुपारी तिला त्याच खोलीत नेलं, जिथे तिची लेक आठवड्यातून तीनदा जायची, आणि मशिनीवर घातलं.

लेकीचाही तो वार होता. दोघींच्या मध्ये एक खाट होती. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी आपणहून जागा बदलून घेतली. मी आणि यजमान दाराशी उभे. मशिनींचा घूं घूं आवाज चाललेला. ताईने डोळे उघडले, शेजारी लेक बघितली, आणि आधी तिला कळेचना आपण कुठे आहोत.

"आई," लेक म्हणाली, "हे काय केलंस गं?"

"उतरलं होतं प्रेशर," ताई म्हणाली. "त्या नर्सने लिहिलं नाही."

लेकीचा बांध तिथे फुटला. इतक्या महिन्यांत ती आमच्यासमोर कधी रडली नव्हती. "मला तुझी किडनी नकोय! कुणी मागितली तुझ्याकडे? मला घरी आल्यावर ओरडणारी आई हवीय. माझ्या दुकानात येऊन सगळ्यांसमोर माझं कौतुक करणारी, लाज आणणारी आई हवीय मला. तू गेलीस तर मी इथे कुणासाठी येऊन पडू?"

ताईला हात पुढे करायचा होता, पण हाताला सलाईन. यजमान दोघींच्या मध्ये जाऊन उभे राहिले, एक हात हिच्या कपाळावर, एक तिच्या.

ताईच्या किडन्या हळूहळू पूर्ववत झाल्या, पूर्ण नाही, पण पुन्हा मशीन लागलं नाही. घरी सोडताना किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं की दाता म्हणून तिचं नाव आता कायमचं बाद झालंय. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि पुढच्या रोग्याला आत बोलावलं.

मृत दात्याची किडनी मिळावी म्हणून थांबलेल्यांच्या यादीत लेकीचं नाव होतं. एकदा फोन आला. तिघं धावत गेले, दिवसभर व्हरांड्यात बसले. किडनी दुसऱ्या कुणाला तरी जास्त जुळली. त्या दुसऱ्याची बायको त्यांच्याच बाकावर बसली होती. ताईने उठून तिला जवळ घेतलं, असं यजमानांनी सांगितलं.

ताई कामावर परत आली. आम्ही आता तिला ताईच म्हणतो, पाठीमागेही. गोळे वळते, घरी जाते. खाते बेताने, उपास करत नाही. ग्रंथींच्या बाईंची औषधं सांगितल्याप्रमाणे, रक्त तपासत तपासत, पुन्हा थोडी थोडी सुरू झाली. ती वेळेवर घेते, कारण लेक समोर उभी राहून घ्यायला लावते. वजन अगदी कणाकणाने उतरतंय.

मागच्या महिन्यात तिच्याबरोबर पुन्हा मीच गेले होते. बाईंनी स्वतः प्रेशर मोजलं, दोनदा, दोन्ही दंडांवर. मग हसल्या. "बघा, उतरलं! अगदी हवं तितकं. आणि तीन महिने टिकलंय."

ताईने मान वाकवून आकडा वाचला.

"आता?" तिने विचारलं.

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी दंडाचा पट्टा सोडवला, पण तिचा हात सोडला नाही. बाहेर पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ताई उठली.

खाली लेकीचं मशीन सुटायची वेळ झाली होती. मानेतली नळी आता काढली होती, दुसऱ्या हातावर नवी शीर तयार केली होती. नर्सने सुया काढल्या आणि कापसाचा बोळा ठेवला. ताईने स्टूल ओढलं, लेकीच्या हाताशी बसली आणि रक्त थांबेपर्यंत अंगठ्याने तो बोळा दाबून धरला.